आकडे नसलेली मूठ

पाकीट फोडलं तर आत
एक काळा स्टीलचा गोळा, तीन बुशी,
ज्वारीच्या दाण्याएवढे तीन स्क्रू
आणि एक वाकडी ॲलन की.
माहितीचा कागद चिनी भाषेत.
चित्रातला हात मात्र कुणालाही कळेल असा:
धरा, डावीकडे फिरवा.

जुना नॉब फिरेना.
सकाळचे आठ. अक्कलकोट रोडच्या कडुनिंबाखाली
आल्टोचं दार उघडं, माझा एक पाय बाहेर,
आणि पत्रा आत्ताच हात लावू देत नाही.
पंक्चरवाला रज्जाक नदाफ म्हणाला,
"सोडा ओ मॅडम, पकडीनं फोडून काढतो."
थांब म्हटलं.
तेरा वर्षं बसलाय तो इथं,
क्लासची पाटी रंगवायच्याही आधीपासून.
त्याच्याभोवती टॉवेल गुंडाळला, आपल्याच गावचा,
दोन्ही हातांनी पिळला,
बादलीतला कपडा पिळतात तसा.
कर्र.
सुटला.

खाली नुसता दांडा.
थोडा गंज, आटे शाबूत.
आजोबांना पहिल्यांदाच टोपीशिवाय बघावं
तशी मी जरा नजर वळवली.

जुन्यावरचे आकडे कधीच गेलेत.
आधी तीन गेला, मग दोन, मग एक.
पाच बरेच दिवस टिकला,
गावात पाचवा पडतो कुठं?
R अर्धा अजून आहे.
मागं जायला सगळेच घाबरतात.

किती तळवे गेले याच्यावरून.
बँकेतले साहेब, रुमालाशिवाय न धरणारे.
तिरुपती चिलवेरी: एक बोट यंत्रमागानं ठेवून घेतलेलं,
उरलेल्या चारांत चौथा अलगद ओढायचा.
होटगीची सुगलाबाई,
टेंपोची किल्ली दिराकडे जाण्याआधी
लायसन हवं म्हणून आलेली,
घामानं नॉब निसटायचा तिच्या हातातून.
आणि दर वेळी त्या हातावर माझा हात.
अंगठीचा ओरखडा आहे बघा इथं.

पहिली बुश सैल. दुसरी जाईचना.
तिसरी बसली.
एक स्क्रू गिअरच्या चामडी झग्यात पडला
तो पडलाच. मोबाईलची बॅटरी लावली,
शेंगदाण्याची टरफलं सापडली, स्क्रू नाही.
दोनांवर आवळलाय.
रज्जाकला सांगितलेलं नाही.

दुपारी एकची बॅच. कुंभारीहून पद्मा कोंड्याल.
तिनं हात टाकला आणि "अम्मो!"
तव्यावर टेकल्यासारखी बोटं झटकली.
चिन्यांनी सोलापूरचा मे महिना मोजलाच नव्हता.
सकाळचाच टॉवेल गोळ्यावर चढवला,
रबर बँडनं बांधला. साडेआठशेचा माल
असा मुंडासं घालून बसला.

म्हटलं, पद्मा, याच्यावर आकडे नाहीत,
उद्या स्टिकर आणते.
हसली.
"दिवसाला हजार बिड्या वळते मी मॅडम.
दोरा बांधताना कुठं आकडा असतोय?"

पहिला पडला. दुसरा पडला.
तिसऱ्याला जाताना ती मधेच थांबली,
मूठ सैल सोडली,
आणि गोळा आपोआप मधोमध येऊन
डावीउजवीकडे हलका डुलत राहिला.
"हे कुठलं?"
हे कुठलंच नाही, मी म्हटलं. इथं दम खायचा.
"बरं हाय की," म्हणाली, आणि खरंच खाल्ला,
मागून उसाच्या ट्रॅक्टरसारखा एक डंपर
बोंबलत असताना.

मग रिव्हर्स. गाडी गचकून बंद.
परत क्लच. परत किल्ली.
मदतीला उचललेला माझा हात
टॉवेलच्या वर वीतभर थांबला.
तिची बोटं आधीच शोधत होती,
डोळे आरशात.
हात परत मांडीवर ठेवला,
पर्समध्ये तो अर्धा R चाचपला.

गाडी मागं सरकली.
थोडी तिरकी. पण मागं.